पाटीलबावा महादजी शिंदे

या स्मरणिकेंत एखाद्या थोर राज्यकर्त्याचें चरित्र असावें अशी सूचना आली, तेव्हां कोणी वॉशिंग्टनचें नांव घेतलें, कोणी लिंकनचें. दोन्ही नांवें मोठीं आहेत, व शाळेच्या पुस्तकांतून आमच्या मुलांस तीं परिचित आहेत. परंतु आम्ही ज्या घाटमाथ्यावर राहतों, ज्या कामशेत-वडगांवावरून आमच्या धर्मग्रामांतील मंडळी नित्य लोकलनें पुण्यास जातात-येतात, त्याच वाटेवर, वॉशिंग्टनच्याच काळांत, वॉशिंग्टन ज्यांच्याशीं लढत होता त्याच इंग्रजांना एका मराठा सरदारानें तह मागावयास लाविलें, ही हकीकत आमच्यापैकीं कितीकांस नीट ठाऊक आहे? म्हणून दूरचें सोडून आम्हीं जवळचें घेतलें.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवितों. हें चरित्र साधुपुरुषाचें नव्हे. महादजी शिंदे हे लढवय्ये होते, राजकारणी होते, आणि त्या धंद्यांत जें जें करावें लागतें तें त्यांनीं केलें. त्यांतील कांहीं वाचून वाचकांस संतोष होईल, कांहीं वाचून होणार नाहीं. दोन्ही सांगितल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं.

सातारा जिल्ह्यांत कोरेगांवच्या बाजूस कण्हेरखेड म्हणून एक खेडें आहे. तेथील पाटिलकी शिंदे घराण्याकडे होती. या घराण्यांतील राणोजी हा पेशव्यांच्या चाकरींत शिरला तो अगदीं खालच्या पायरीवरून. अशी कथा सांगतात कीं, धन्याचे जोडे सांभाळण्याचें काम त्याजकडे होतें. एके दिवशीं पेशवे बाहेर येतात तों राणोजीस झोंप लागलेली, पण जोडे मात्र त्यानें छातीशीं घट्ट धरलेले. क्षुल्लक कामांत एवढी निष्ठा पाहून त्यास वर चढविण्यांत आलें. कथा अक्षरशः खरी आहे कीं नाहीं या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. शिंद्यांनीं ती कधीं लपविली नाहीं, आणि तिचा उपयोग पुढें महादजींनीं कसा करून घेतला तें यथाक्रम येईलच. थोरल्या बाजीरावांच्या कारकीर्दींत राणोजीनें माळव्यांत पराक्रम केला, उज्जैनीस ठाणें केलें, आणि १७४५ सालीं तो मरण पावला तेव्हां हें घराणें मराठी राज्याच्या पहिल्या प्रतीच्या सरदारांत गणलें जात होतें.

राणोजीस पांच पुत्र. जयाप्पा, दत्ताजी व जोतिबा हे एका स्त्रीचे. तुकोजी व महादजी हे चिमाबाई नांवाच्या रजपूत स्त्रीचे. महादजींचा जन्म सुमारें १७३० सालचा. मातेच्या कुळामुळें या धाकट्या दोघांचा हक्क कमी लेखला जाई, व पांचांत शेवटचा म्हणून महादजींकडे सरदारकी येईल असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. ती आली ती भावांच्या मरणांवरून चालत आली. जोतिबा बुंदेलखंडांत मारला गेला. जयाप्पाचा १७५५ सालीं मारवाडांत नागोरच्या वेढ्याच्या वेळीं छावणींत खून झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजीं दिल्लीजवळ बुराडी घाटावर यमुनेच्या पात्रांत पडला. आणि एका वर्षानें, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर तुकोजी गेला, व जयाप्पाचा तरुण मुलगा जनकोजी शत्रूच्या हातीं सांपडून ठार झाला. सहा वर्षांत एका घराण्यानें एवढें रक्त दिल्याचीं उदाहरणें मराठ्यांच्या इतिहासांतही फार नाहींत.

पानिपताहून महादजी जिवंत परत आले ते एका पाणक्यामुळें. लढाई फिसकटल्यावर ते घोडीवरून दक्षिणेकडे निघाले. एका अफगाण स्वारानें कित्येक कोस त्यांचा पाठलाग केला. घोडी थकून एका खड्ड्यांत कोसळली. स्वारानें गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरचें किडुकमिडुक व घोडी घेतली आणि त्यांस तेथेंच टाकून तो निघून गेला. पखाली वाहणारा राणेखान नांवाचा एक मुसलमान भिस्ती मागून येत होता. त्यानें ओळख पटवून या जखमी माणसास आपल्या बैलावर घातलें व दक्षिणेच्या वाटेस लाविलें. महादजी जन्मभर लंगडत चालले. राणेखानाचा मात्र त्यांनीं विसर पडूं दिला नाहीं. त्यास भाऊ मानलें, आणि तें नुसतें तोंडानें मानलें नाहीं. पुढें मोठमोठ्या फौजांचें आधिपत्य त्याजकडे दिलें, तो राणेखान भाई या नांवानेंच इतिहासांत प्रसिद्ध आहे. पाणी वाहणाऱ्यास सेनापति करणें ही गोष्ट त्या काळच्या कुलीन सरदारांस किती झोंबली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

पानिपतानंतरचीं सात वर्षें वारसाच्या भांडणांत गेलीं. पुण्याच्या दरबारीं महादजींस अनुकूल लोक थोडे. शेवटीं १७६८ सालीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं सरदारकी त्यांजकडे कायम केली. तेथून त्यांचें लक्ष उत्तरेकडे लागलें. दिल्लीचा बादशहा शहाआलम हा नांवाचा बादशहा, पण राहत होता अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयास. १७७१ सालीं मराठ्यांनीं दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारींत महादजींनीं त्यास त्याच्या पूर्वजांच्या तख्तावर नेऊन बसविलें. पानिपताचा डाग धुऊन निघाला असें लोकांस वाटलें. त्याच मोहिमेंत, पानिपतास अब्दालीस आणणारा जो नजीबखान रोहिला, त्याच्या मुलखावर मराठे चालून गेले. नजीब तोंवर मरून गेला होता. त्याची कबर फोडण्यांत आली. भावांच्या मरणाचें दुःख आम्ही समजूं शकतों, पण मेलेल्यावर सूड उगवून कोणतें कार्य साधलें तें आम्हांस समजत नाहीं. या कृत्याचें फळ सोळा वर्षांनीं मिळावयाचें होतें.

आतां आपल्या मावळाकडे वळूं.

माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले. त्यांचे बंधु नारायणराव यांचा पुढच्याच वर्षीं, ३० ऑगस्टास, शनिवारवाड्यांत खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर बसले, परंतु नाना फडणीस, सखारामबापू आदि कारभाऱ्यांनीं नारायणरावांच्या मागें जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवें राज्य चालविलें. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले व साष्टी आणि वसई देण्याचें कबूल करून त्यांनीं १७७५ सालीं सुरतेस तह केला. इंग्रजांनीं साष्टी बेट तर त्यापूर्वींच, १७७४ च्या डिसेंबरांत, ठाण्याच्या किल्ल्यासह घेतलें होतें. हीं तीच साष्टी व वसई, जेथील ख्रिस्ती गांवें १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होतीं व चिमाजीआप्पाच्या विजयानंतर मराठ्यांकडे आलीं होतीं. आमच्या वाचकांत ज्यांचें मूळ त्या बाजूचें आहे, त्यांच्या पूर्वजांचा धनी कोण हा प्रश्न या तहांच्या कागदांवर ठरत होता. त्यांस कोणीं विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकरांनीं रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं फौज काढली. घाई करण्यास कारणही तसेंच होतें. अमेरिकेंत वसाहतींनीं बंड केलेलें, फ्रान्सनें त्यांशीं दोस्ती केलेली, आणि इकडे पुण्याच्या दरबारीं सेंट लुबिन नांवाचा एक फ्रेंच माणूस येऊन बसलेला. तेव्हां फ्रेंचांचा पाय दक्षिणेंत रुजण्यापूर्वीं पुणें आपलें करावें, असा मुंबईच्या कौन्सिलाचा विचार. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट यानें पुढें येऊन नोव्हेंबरांत बोरघाट ताब्यांत घेतला. मागून पनवेलीकडून मुख्य सैन्य आलें. लढाऊ माणूस सुमारें ३,९००, पण सामान वाहणारे बैल सुमारें १९,०००. या एका आंकड्यांतच मोहिमेचें भविष्य लिहिलेलें होतें. घाट चढून खंडाळ्यावर तोफा आणण्यासच आठवडे लागले. शिवाय सत्ता तिघांच्या कमिटीकडे : सेनापति कर्नल एगर्टन, तो आजारी, दुसरा कारनॅक, तो हट्टी, तिसरा मॉस्टिन, ज्यास पुण्याची माहिती होती, पण तोच आजारी पडून मुंबईस परतला व मरण पावला. एका म्यानांत दोन तलवारी मावत नाहींत, येथें तर तीन होत्या.

मराठ्यांकडे महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि तोफखान्यावर भिवराव पानसे. महादजींनीं एकदम अंगावर जाण्याचें टाळलें. शत्रूस आंत येऊं द्यावें, त्याचा दाणावैरण तोडावा, रात्रंदिवस बाणांनीं व तोफांनीं त्यास जागें ठेवावें, आणि घाटाची वाट मागून बंद करावी, असा डाव. लोणावळें, वलवण, कार्लें, खडकाळें. आजच्या गाडीस जेवढा वेळ या गांवांतून जावयास लागतो, तेवढ्या घटका नव्हे, तेवढे दिवस त्या सैन्यास लागले. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यापाशीं कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानें पडला. हा तरुण इतका धीट होता कीं शत्रूंनींही त्यास इष्टुर फांकडा हें नांव दिलें, व पुण्याच्या गप्पांत जे साडेतीन फांकडे प्रसिद्ध झाले त्यांतील अर्धा हा, असें म्हणतात. शत्रूच्या शौर्याचें असें कौतुक करणें हा मराठ्यांचा एक चांगला गुण होय.

९ जानेवारीस इंग्रज तळेगांवीं पोंचले तों गांव रिकामें व जळालेलें. मराठ्यांनींच तें जाळलें होतें. वेळ पडली तर चिंचवड आणि पुणें शहर देखील जाळण्याची तयारी होती. येथें क्षणभर थांबणें भाग आहे. बखरींतून व इतिहासांतून या डावपेंचाची स्तुति वाचावयास मिळते, आणि युद्धशास्त्राच्या दृष्टीनें ती रास्तही असेल. परंतु पौषाचा महिना, भात नुकतें झोडून कणग्यांत भरलेलें, गंजी रचलेल्या, अशा दिवसांत स्वतःच्याच सरकारानें घर पेटविल्यावर मावळांतील कुणबी बायकामुलें घेऊन कोणत्या रानांत गेला असेल, त्याच्या नुकसानीचा हिशेब कोणत्या दप्तरांत आहे? विजय महादजींच्या नांवें लिहिला गेला. त्याचा खर्च मावळच्या खेड्यांनीं दिला.

एगर्टननें प्रकृतीमुळें अधिकार कॉकबर्नकडे सोंपविला होता. पुणें अवघें कांहीं कोसांवर राहिलेलें असतां कमिटीनें माघार घेण्याचें ठरविलें. ११ जानेवारीच्या रात्रीं जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत लोटल्या, जास्तीचें सामान जाळलें, आणि अंधारांत सैन्य निघालें. महादजींचे स्वार वाटच पाहत होते. मध्यरात्रीनंतर आघाडीवर हल्ला झाला, मग पिछाडीवर. पिछाडीस कॅप्टन हार्टली मोठ्या नेटानें लढला. तो नसता तर बहुधा कोणीच वांचलें नसतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं उरलेलें सैन्य वडगांवांत शिरलें तेव्हां साडेतीनशेंच्या आसपास माणसें मेलेलीं, जखमी किंवा बेपत्ता होतीं. १३ तारखेस पुन्हां तोफा सुरू झाल्या. तेव्हां फार्मर नांवाच्या अधिकाऱ्यास बोलणीं करण्यास पाठविण्यांत आलें.

बोलणीं झालीं तीं खरीं महादजींशीं. १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख, साष्टीसह, परत द्यावा. रघुनाथरावांस स्वाधीन करावें. बंगालहून येणारी फौज परत फिरवावी. हमी म्हणून फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहावेत. शिवाय महादजींनीं स्वतःसाठीं भडोच आणि आपल्या सेवकांसाठीं ४१,००० रुपये लिहून घेतले. हाच वडगांवचा तह. तह होतांच उपाशी, दमलेलें तें सैन्य मराठ्यांच्या पहाऱ्यांत घाट उतरून मुंबईस सुखरूप गेलें.

महादजींनीं सर्वांस कापून कां काढलें नाहीं? हा प्रश्न त्या काळींही विचारला गेला व आजही विचारतात. कोणी म्हणतात दया, कोणी म्हणतात स्वार्थ. आमच्या मतें दोन्ही होतीं, आणि त्यांत विस्मय मानण्यासारखें कांहीं नाहीं. मुंबईकरांनीं तह मोडला. सहीच्या वेळीं आम्हांस अधिकारच नव्हता, असें ते पुढें म्हणूं लागले. कलकत्त्याच्या हेस्टिंग्जनेंही तो मानला नाहीं. कारनॅक, एगर्टन व कॉकबर्न यांस कंपनीनें चाकरींतून काढून टाकलें, पण साष्टी परत दिली नाहीं. रघुनाथराव महादजींच्या पहाऱ्यांतून निसटून पुन्हां सुरतेस गेले. अशा वेळीं ते दोन ओलीस इंग्रज महादजींच्या हातांत होते. दिलेला शब्द मोडणाऱ्यांचे ओलीस ठार करणें हें त्या काळच्या रीतीस सोडून झालें नसतें. महादजींनीं त्यांच्या केसासही धक्का लाविला नाहीं, व १७८० सालीं दोघांस परत पाठविलें. ही गोष्ट शत्रूही विसरले नाहींत. पुढील तहांत इंग्रजांनीं भडोच महादजींस दिलें तें वडगांवचें वर्तन आणि ओलिसांस दिलेली वागणूक यांबद्दल असें लिहून दिलें.

मधल्या दोन वर्षांत महादजींचे दिवस वाईट गेले. १७८० च्या ऑगस्टांत कॅप्टन पॉपहॅमनें रात्रीं शिड्या लावून ग्वाल्हेरचा अभेद्य किल्ला घेतला. डिसेंबरांत वसई गेली. १७८१ च्या आरंभीं जनरल गॉडर्ड पुन्हां बोरघाट चढून खंडाळ्यास आला, पण हरिपंत, होळकर व परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं त्यास असें सतावलें कीं एप्रिलांत मोठें नुकसान सोसून तो खालीं उतरला. दोन वर्षांत दोनदां इंग्रज आपल्या घाटांतून पराभूत होऊन परत गेले. त्याच १७८१ च्या ऑक्टोबरांत, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिसचें सैन्य वॉशिंग्टनास शरण गेलें. दोन्हीकडे पैसा व माणूस खर्च करणें इंग्रजांस जड झालेलें होतें. महादजींनीं मध्यस्थ होऊन १७ मे १७८२ रोजीं सालबाई येथें तह घडविला. वसई मराठ्यांस परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. वीस वर्षें इंग्रज-मराठ्यांत युद्ध झालें नाहीं तें या तहामुळें. आणि इंग्रज व पुणेंकर या दोघांचा जामीन म्हणून कण्हेरखेडच्या पाटलाचा मुलगा हिंदुस्थानच्या राजकारणाच्या मध्यभागीं येऊन बसला.

पॉपहॅमच्या शिस्तबद्ध पलटणींनीं महादजींस एक धडा दिला. केवळ स्वारांच्या गनिमी काव्यावर पुढचें शतक चालणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें आणि बन्वा द ब्वान्य या सॅव्हॉय प्रांतांतील शांबेरीच्या गृहस्थास चाकरींत घेतलें. हा जन्मानें कॅथलिक. फ्रान्सच्या आयरिश पलटणींत, नंतर रशियाच्या बाजूनें तुर्कांविरुद्ध लढून, कैद भोगून, भटकत भटकत तो हिंदुस्थानांत आला होता. प्रथम दोन पलटणी, मग वाढत वाढत सबंध कंपू. या पायदळाच्या निशाणावर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस असे. शंकराच्या भक्ताची फौज, बीडचे मन्सूरशहा फकीर हे त्याचे गुरु, मुसलमान भाऊ, आणि निशाणावर क्रूस. आजकालच्या कित्येकांस हें विचित्र वाटेल, महादजींस वाटलें नाहीं. फिलोज हें नेपल्सकडील कॅथलिक घराणेंही याच काळीं शिंद्यांच्या आश्रयास आलें व पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरींत राहिलें. तेथील १८७४ सालचा जयविलास राजवाडा त्याच घराण्यांतील मायकेल फिलोज यानें बांधला.

१७८४ च्या अखेरीस शहाआलमनें पेशव्यांस वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशाहीचा मुखत्यार, हें पद दिलें व पेशव्यांतर्फें तें महादजींनीं चालवावें असें ठरलें. फौज, वसुली, दिल्ली-आग्र्याचा कारभार सर्व त्यांच्या हातीं आला. बादशहास दरमहा ६५,००० रुपये खर्चास. पद मोठें, पण तिजोरी रिकामी. वसुलीसाठीं जयपुरावर जावें लागलें, आणि १७८७ च्या जुलैंत लालसोटच्या बाजूस रजपुतांशीं लढतांना बादशाही पलटणी फितून शत्रूस मिळाल्या. महादजींस माघार घ्यावी लागली. हीच संधि साधून नजीबखानाचा नातू गुलाम कादर यानें १७८८ सालीं दिल्ली घेतली, वाडा लुटला, आणि १० ऑगस्टास म्हाताऱ्या शहाआलमचे डोळे काढले. कबर फोडल्याची गोष्ट आम्हीं वर सांगितली ती या नातवाच्या ध्यानांत होती कीं नाहीं, देव जाणे.

या संकटांत बादशहाच्या बाजूनें जीं थोडीं माणसें उभीं राहिलीं त्यांत सरधन्याची बेगम समरू ही एक. वॉल्टर राइनहार्ट या युरोपियन सरदाराची ही विधवा. १७८१ सालीं आग्र्यास बाप्तिस्मा घेऊन ती योहाना झाली होती. स्वतः पालखींत बसून पलटणी चालविणारी अशी ही बाई. तिनें सरधन्यास बांधलेलें मातेचें मंदिर १८२२ सालचें. तें आज बॅसिलिका असून दूरदूरचे यात्रेकरू तेथें जातात. महादजींनीं मदतीस फौज पाठविली ती राणेखानाच्या हाताखालीं. ऑक्टोबरांत दिल्ली परत मिळाली, व गुलाम कादर पळत असतां पकडला गेला. त्यास १७८९ सालीं जी शिक्षा झाली तिचें वर्णन आम्ही येथें देत नाहीं. स्मरणिका घरोघर मुलांच्या हातीं जावयाची आहे. आंधळ्या बादशहाची तशीच इच्छा होती एवढें सांगतात; आज्ञा मात्र महादजींची होती, आणि वडगांवीं ओलिसांस जपणाऱ्या हातानेंच ती दिली गेली. पुढें १७९० सालीं पाटण व मेडता या दोन लढायांत द ब्वान्यच्या पलटणींनीं रजपुतांचा मोड केला, आणि सतलजेपासून नर्मदेपर्यंत महादजींशीं सामना करील असा कोणी उरला नाहीं.

१७९२ च्या जूनमध्यें, बारा वर्षांनंतर, ते पुण्यास आले. बरोबर बादशहाकडील वस्त्रें व सनदा. संगमाजवळ भव्य दरबार झाला. या दरबाराची गोष्ट महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. हत्तीवरून येऊन महादजी दूरच उतरले, सर्व मानकऱ्यांच्या खालीं जाऊन बसले, आणि तरुण पेशवे येतांच बगलेंतील गांठोडें सोडून त्यांतून नवे जोडे काढून त्यांच्या पायांपुढें ठेविले. बापाचें जें काम तेंच आपलें, असा त्याचा अर्थ. स्वतःस ते पाटील म्हणवून घेत, लोकही पाटीलबावा म्हणत. नाना फडणीसांच्या मंडळींनीं यास ढोंग म्हटलें. दिल्लीचा मुखत्यार पुण्यांत जोडे उचलतो तेव्हां त्यांत नाटक नाहीं असें आम्हीही म्हणणार नाहीं. पण असें नाटक करावयासही आपलें मूळ आठवावें लागतें, आणि पुष्कळांस तें नेमकें आठवत नाहीं.

त्याच १७९२ सालीं सवाई माधवरावांनीं आपल्या लष्करांतील कॅथलिक शिपायांस प्रार्थनेसाठीं पुण्यांत जागा दिली. विनंति केली ती त्यांच्या चाकरींतील पोर्तुगीज अधिकारी दों मिगेल द नोरोन्या यानें. क्वार्टर गेटाजवळील, नानापेठेंतील आपलें सिटी चर्च तें हेंच. पुणें शहरांतील आमच्या धर्मग्रामांची वंशावळ तेथून सुरू होते. म्हणजे पाटीलबावा पुण्यांत असतांना लष्करांतील आमचे पूर्वज तेथें मिस्सा ऐकण्याची सोय करीत होते.

पुण्यांतील दीड वर्ष नानांशीं हिशेबाच्या तंट्यांत गेलें. उत्तरेच्या मोहिमांवर कोटींनीं रुपये कर्ज झालें असें महादजींचें म्हणणें; उत्तरेच्या वसुलीचा हिशेब द्या असें नानांचें. दोघेही बुद्धिमान, दोघेही राज्याचे खांब, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाहीं. उत्तरेंत होळकरांशीं खटका उडाला व १७९३ च्या जूनमध्यें लाखेरीस मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. ताप येऊन १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडी येथें महादजी वारले. वय सुमारें चौसष्ट.

त्यांस पुत्र नव्हता. कन्या बाळाबाई ही पुण्याच्या शितोळे देशमुखांच्या घरीं दिलेली. पानिपतावर पडलेल्या तुकोजीचा नातू दौलतराव, वय पंधराच्या आसपास, हा गादीवर आला. चुलत्या-आजोबांच्या विधवांशीं त्याचें वैर जडलें, आणि त्या बायकांच्या बाजूस निम्मे सरदार जाऊन पुण्याच्या परिसरांतच शिंद्यांच्या फौजा आपसांत लढल्या. द ब्वान्य १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून स्वदेशीं निघून गेला. शांबेरी शहरास त्यानें दवाखाने, अनाथालयें यांसाठीं अपार धन दिलें, व १८३० सालीं तेथेंच वारला. त्याच्या स्मरणार्थ तेथें उभारलेल्या कारंज्यास चार हत्ती आहेत. महादजींनीं बांधलेला कंपू १८०३ सालीं अवघ्या तीन महिन्यांत, दिल्ली, असई व लासवारी या लढायांत, इंग्रजांपुढें संपला.

आरंभीं वॉशिंग्टनचें नांव आलें म्हणून एवढें नमूद करतों. तो महादजींहून दोन वर्षांनीं लहान. १७९७ सालीं, अंगांत बळ असतांना, त्यानें अध्यक्षपद सोडलें व तो शेतावर परत गेला. त्याच्या जागीं लोकांनीं दुसरा निवडला व कारभार अडला नाहीं. पाटीलबावांस कोठें परत जावयाचें नव्हतें आणि मागें कोणी निवडावयाचें नव्हतें. त्यांच्या एका माणसाच्या श्वासावर दिल्लीपासून पुण्यापर्यंतचा डोलारा उभा होता.

वानवडीस जेथें त्यांचें दहन झालें तेथें शिंद्यांची छत्री आहे. शेजारचें शंकराचें मंदिर त्यांनीं स्वतः बांधविलेलें. तें पाहण्यास पुण्याचे प्रवासी जातात. आमच्या वाचकांस इतकें दूर जावयास नको. वडगांव स्थानकावर उतरावें. गांवांत महादजींचें स्मारक आहे, आणि त्यांच्याच फौजेच्या गोळ्यानें पडलेल्या इष्टुर फांकड्याची समाधीही त्याच गांवांत लोक दाखवितात.